वजन कमी करायची ६० वाली कॅप्सूल आणली, पण सोबत थायरॉईडची गोळी चालू आहे. सुरू करू का?

गोळाभात_प्रेमी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिले, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८१ किलो. दुसऱ्या मुलीच्या वेळेस जे चढलं ते उतरलंच नाही, आणि आता डिसेंबरमध्ये दिराचं लग्न आहे, तीन ब्लाउज कपाटात असे आहेत की हुक सोडा बाहीच दंडावर चढत नाही. सकाळी अंबाझरीला फिरायला जायचं दर सोमवारी ठरवते, बुधवारपर्यंत जाते, मग मुलींचे डबे, व्हॅन, सासूबाईंचा काढा, राहून जाते.

तर परवा मेडिकलमधून ऑरलिस्टॅट ६० एमजी घेऊन आले. चिठ्ठी वगैरे कोणी मागितली नाही, "जेवणासोबत घ्या ताई, दिवसातून तीन वेळा" एवढं बोलला आणि पिशवीत टाकून दिली. जाऊबाईंची बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते आमच्याकडे हीच गोळी शांपूच्या शेजारी ठेवलेली असते, कोणीही उचला, तू एवढी काय घाबरतेस.

घाबरायचं कारण एवढंच की मी चार वर्षांपासून थायरॉईडची ७५ ची गोळी घेते. बीपी नाही, शुगर नाही, पित्ताशयाचं काही नाही. थायरॉईडची टेस्ट मागच्या दिवाळीच्या आधी केली होती, नंतर नाही. डॉक्टरांकडे जायची खरं सांगू तर लाज वाटते, मागच्या वेळेस मान वर न करता "खाणं कमी करा" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. घरचं जेवण साधंच असते, महिन्यातून दोनदा बाहेरचं सावजी. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, एक स्ट्रिप कापली पण गोळी तोंडात टाकायची हिंमत होऊन नाही राहिली. कोणी घेतली आहे का? काय काळजी घ्यायची?

सावजी_बळी

ताई आधी माही कहानी ऐका मंग काय ते ठरवा. मागच्या वर्षी मले डॉक्टरनं १२० वाली देली होती, नीट समजावून सांगतलं होतं का तेलकट खायचं नाही. पयले चार दिवस मी घरचं वरण-भात-भाजी खाल्लं, काहीच झालं नाही, मले वाटलं गोळीत दमच नाही. मंग आला रविवार. मित्रायसोबत सावजी मटण, वरून तर्री मागून घेतली, अन मनात असा हिशोब केला का गोळी आहे ना पोटात, तेल जाईन निघून.

तेल निघूनच गेलं, गोळीनं शब्द पाळला. सोमवारी सकाळी उज्ज्वल नगरले मेट्रोत बसलो, छत्रपती चौक आला तं वाटलं गॅस आहे. गॅस नव्हता. पॅन्ट क्रीम कलरची होती, ज्यानं तर्रीचा रंग पाह्यला आहे त्याले पुढचं सांगायची गरज नाही. अजनीले उतरलो, बॅग मागं धरून ऑटोत बसलो अन घरी. ऑफिसले फोन करून सांगतलं गाडी पंक्चर झाली, अन मी मेट्रोनं येतो हे साऱ्या ऑफिसले माहीत होतं.

म्हणून सांगतो, सुरू केली तं पयले दोन-तीन दिवस सुट्टीचे पाहा, गडद रंगाचे कपडे, बॅगेत एक जोडी जास्तीची. अन गॅस वाटला तं विश्वास ठेवू नका.

इतवारी_केमिस्ट

सावजी भाऊ, तुमची पोस्ट फ्रेम करून दुकानात लावावी म्हणतो.

ताई, वीस वर्षं झाली काउंटरवर बसून, म्हणून जरा लांब लिहितो, वाचून घ्या. न्यू जर्सीवाल्या ताईंचं बरोबर आहे पण अर्धंच. ६० एमजी तिकडे २००७ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, १२० ला तिथेही चिठ्ठी लागते. आणि त्या ६० च्या डबीवर सुद्धा बारीक अक्षरात लिहिलेलं असते की थायरॉईड, शुगर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, कधी मुतखडा, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल तर आधी विचारा. शांपूच्या शेजारी ठेवली म्हणून ती शांपू होत नाही. आपल्याकडचं पाकीट उलटं करून पाहा, माझ्या दुकानात जी येतात त्यांच्यावर लाल रेघ आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विका असं छापलेलं असते. ज्याने तुम्हाला चिठ्ठी न विचारता दिली त्याने निदान "दुसरी कोणती गोळी चालू आहे का" एवढं तरी विचारायला पाहिजे होतं. ते नाही विचारलं, हे काही बरोबर नाही केलं.

आता गोळी काय करते ते. ही भूक मारत नाही, रक्तातही जवळपास जात नाही, आतड्यात बसून तेल-तूप पचवणारं एन्झाइम अडवते. म्हणून खाल्लेल्या फॅटचा साधारण चौथा हिस्सा न पचता तसाच खाली निघून जातो. १२० मध्ये जवळपास तीस टक्के. तो हिस्सा मोठा असला की सावजी भाऊंसारखं होते. जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर तासाभराच्या आत घ्यायची, जेवण चुकलं किंवा जेवणात तेलतूप नव्हतंच तर ती गोळी सोडून द्यायची, नंतर दोन एकदम घ्यायच्या नाही.

तेलासोबत अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निघून जातात, म्हणून सोबत एक मल्टीव्हिटॅमिन लागते, पण ते कॅप्सूलसोबत नाही, दोन तास सोडून. सोपं म्हणजे झोपताना.

तुमचा मुद्दा थायरॉईडचा. ही कॅप्सूल थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाही कधीकधी, म्हणून दोघींमध्ये किमान चार तासांचं अंतर पाहिजे. आणि सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट, परत पाहायचा. तुमचा तर वर्षभरापासून पाहिलेलाच नाही, मला विचाराल तर कॅप्सूल ड्रॉवरमध्येच राहू द्या आणि आधी ती टेस्ट करा.

ज्यांनी हातच लावू नये ते पण लिहून ठेवतो, इथे दुसरेही वाचत असतात. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या खालची पोरं, ज्यांना खाल्लेलं अंगीच लागत नाही असा जुना आजार आहे, पित्ताचा प्रवाह अडलेला आहे, किडनी वगैरे बदललेली असून सायक्लोस्पोरिन चालू आहे. फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आपल्या मनाने नाही, झटके आल्याच्या नोंदी आहेत. वॉरफरिनवाल्यांना, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना, रक्ताची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

फिटमंत्र_विदर्भ

ताई ह्या केमिकलच्या नादी कशाला लागता, आमच्याकडे १००% आयुर्वेदिक कॅप्सूल आहे, डाएट नाही एक्सरसाइज नाही, १५ दिवसात ७ किलो गॅरंटी, साइड इफेक्ट झिरो. लग्नाच्या आधी रिझल्ट. इनबॉक्स करा.

मावशीची_भाची

याला इनबॉक्स करू नका. माझ्या सख्ख्या मावशीने अशीच एक "१००% आयुर्वेदिक" कॅप्सूल घेतली होती, ओळखीच्या बाईकडून, डबीवर कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, नुसता पानाचा फोटो. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, सगळ्या बायका माझ्या आईला नंबर मागत होत्या. मग मावशीला झोपच येईना, तोंड कोरडं, रात्री दोनला उठून भांडी घासायची, आणि एके दिवशी जिन्यात छाती अशी धडधडायला लागली की पायरीवरच बसली. ईसीजी काढला, ठोके १३० च्या वर. डॉक्टरने सगळ्यात आधी विचारलं वजनाचं काही घेता का.

त्या डबीत काय होतं ते कधी कळलं नाही कारण मावशीने भीतीपोटी ती फेकून दिली. पण डॉक्टरांनी जे नाव घेतलं ते सिब्युट्रामिन, आणि मी नंतर वाचलं की हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसला म्हणून ते औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून काढून घेतलं आणि आपल्या सरकारनेही २०११ मध्ये बंद केलं, पण "हर्बल" म्हणून विकतात त्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये गुपचूप टाकलेलं ते आजही सापडते. अमेरिकेचं औषध खातं अशा डब्यांच्या सूचना काढतच असते. पंधरा दिवसात सात किलो म्हणजे झाडपाल्याचं काम नाही भाऊ. तुझ्या डबीचा बॅच नंबर आणि लायसन्स नंबर इथे टाक ना, सगळ्यांसमोर.

फिटमंत्र_विदर्भ

मॅडम प्रत्येकाची बॉडी वेगळी असते. ज्यांना घ्यायची ते घेतात.

मावशीची_भाची

नंबर टाक.

गोळाभात_प्रेमी

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. सावजी भाऊ, तुमची पोस्ट मिस्टरांना वाचून दाखवली, ते चहा प्यायचं सोडून हसून राहिले आहेत.

केमिस्ट दादा, अंतराचं नीट कळलं नाही. मी सकाळी सहाला थायरॉईडची घेते, नऊला नाश्ता. मग नऊची कॅप्सूल कशी बसवायची? आणि आमच्याकडे नाश्त्यालाच तर जास्त तेल असते, पोहे, सांबारवडी, कधी मिस्टर रविवारी केपी ग्राउंडजवळून तर्री पोहे घेऊन येतात.

इतवारी_केमिस्ट

सहा ते नऊ तीनच तास होतात, म्हणून नाश्त्याची कॅप्सूल बसवायचीच नाही. दुपारी आणि रात्री, दोनच. तीन वेळा हे जास्तीत जास्त आहे, तीन घेतल्याच पाहिजेत असं नाही. तर्री पोहे आणि कॅप्सूल एका दिवशी ठेवूच नका, वरचे अनुभवी सांगून गेले आहेत.

आणि एक, सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा कमरेतून खाली जोराची कळ आली तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. लिव्हरचा त्रास फार क्वचित होतो, पण झालेला आहे, २०१० मध्ये अमेरिकेत पाकिटावर तशी सूचना घातली. घाबरवायला नाही सांगत, पण एकदा माहीत असलं की माणूस "उन्हाचं असेल" म्हणून आठ दिवस काढत नाही.

गणिताची_बाई

मी शाळेत गणित शिकवते, वैद्य नाही, पण एक हिशोब करून पाहा म्हणते. ताई, घरात महिन्याला तेल किती लागते?

गोळाभात_प्रेमी

५ लिटरची कॅन. कधी २८ तारखेलाच संपते. आम्ही सहा जण, पण सासू-सासरे खालच्या मजल्यावर वेगळं करतात, म्हणजे चार धरा, त्यात दोन मुली.

गणिताची_बाई

बरं. ५००० मिली भागिले ३० म्हणजे दिवसाला १६६, भागिले चार, माणशी ४१ मिली. वजनात ३८ ग्रॅमच्या आसपास. मुली कमी खातात म्हणजे तुमच्या वाट्याला जास्तच, पण ३८ धरू. तीन वेळच्या जेवणात वाटलं तर दर वेळेस १२-१३ ग्रॅम, आणि हे नुसतं कॅनमधलं. दुधाची साय, पोळीवरचं तूप, दाण्याचा कूट, खोबरं हे वेगळं. या कॅप्सूलसोबत एका जेवणात साधारण १५ ग्रॅमच फॅट असावं असं सांगतात. म्हणजे तुमचं "साधं" जेवणच काठावर बसलं आहे, सावजीची गोष्ट सोडा. वडाभात केला तर वड्यातलं तेल आधीच, वरून हिंग-मिरचीची फोडणी पळीभर, मग विषयच संपला.

आता खरी गंमत. दिवसभराचं सगळं मिळून ६० ग्रॅम फॅट जाते समजा. कॅप्सूल दोनच वेळा, तर त्यातले ४० ग्रॅम तिच्या तावडीत. चौथा हिस्सा १० ग्रॅम बाहेर. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ९०. एका मध्यम पोळीएवढं, बस. महिन्याला २७००, आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० धरतात, तर महिन्याला साडेतीनशे ग्रॅम. ढोबळ हिशोब आहे, प्रत्येकाचं थोडं इकडंतिकडं होईल. पण तुम्ही तुमच्या ताटातलं एक मोठा चमचा तेल कमी केलं ना, १५ मिली, तर जवळपास १२५ कॅलरी गेल्या. कॅप्सूलपेक्षा जास्त आणि मेट्रोत बसता येते.

आणि ती भाताला, साखरेला, संत्रा बर्फीतल्या साखरेला काहीच करत नाही हे लक्षात असू द्या. मी हे माझ्या बहिणीला सांगितलं होतं, ती गोळी खाऊन वरून जिलबी खात होती, "तेल तर निघून जाते ना" म्हणे. पाक कुठे जातो गं बाई?

सावजी_बळी

मॅडम तुम्ही मले नववीत असत्या तं मी आज इंजिनियर असतो.

बाकी हिशोब बराबर आहे. माहे तीन महिन्यात सहा किलो गेले होते पण मले वाटते त्यातले चार भीतीनं गेले, तेलकट पाह्यलं का मेट्रो आठवे. डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, बारा आठवड्यात वजनाच्या पाच टक्के नाही गेलं तं ही गोळी तुह्यासाठी नाही, बंद करू. अन इसबगोल देलं होतं रात्री, त्यानं तेल सुटायचं कमी झालं. ताईचे ८१ आहे तं पाच टक्के म्हणजे चार किलो. लग्नापर्यंत ब्लाउज बसन का नाही ते शिंप्याच्या हातात.

मावशीची_भाची

मला एक कळत नाही, ताईंचं वजन थायरॉईडमुळेच वाढलं असेल तर? सगळे गोळीवर बोलून राहिले. आणि डॉक्टर मान वर करून बोलत नसेल तर दुसरा डॉक्टर पाहा ना, नागपुरात डॉक्टरांची कमी आहे का. रामदासपेठेत दर दुसऱ्या बिल्डिंगवर पाटी आहे, आणि पैशाचा प्रश्न असेल तर मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेतच, सकाळी लवकर जाऊन लाइन लावावी लागते एवढंच. लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात. उंची-वजनाचा भागाकार केला तर बीएमआय ३२ च्या वर येते, आपल्या लोकांसाठी २५ लाच लठ्ठपणा धरतात, म्हणजे तुम्ही उगीच हौस म्हणून नाही विचारत आहात. हे असं डॉक्टरला तोंडावर सांगा.

ते इंजेक्शनवालं पण हल्ली सगळीकडे ऐकू येते, मोंजारो वगैरे, २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हापासून आमच्या सोसायटीत तोच विषय. ते मात्र डॉक्टरशिवाय अजिबात नाही, हे कोणी सांगायची गरज नसावी पण सांगते.

गोळाभात_प्रेमी

मंडळी, तीन आठवडे झाले, सांगायला आले.

कॅप्सूल घेतली नाही अजून. भाचीताईंनी टोचलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, बाई आहेत, जाताना टीएसएच आणि लिव्हरची टेस्ट करूनच गेले. लिव्हर ठीक. टीएसएच ११.२, म्हणजे वाढलेला. मला वाटलं आता ७५ ची १०० होणार. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं गोळी कशासोबत घेता. मी म्हटलं चहासोबत. "कोणत्या चहासोबत?" म्हटलं सकाळच्या, सहाच्या, आल्याचा दुधाचा चहा, त्याशिवाय डोळे उघडत नाहीत, गोळी त्याच्याच पहिल्या घोटासोबत. चार वर्षं! त्या काही रागावल्या नाहीत, नुसतं पेन खाली ठेवलं. म्हणे गोळी नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा एक तासानंतर. डोस आहे तोच, सहा आठवड्यांनी परत टेस्ट, तोपर्यंत वजनाच्या कॅप्सूलचं नाव काढायचं नाही. थायरॉईड जागेवर आल्यावरही वजन हललं नाही तर तेव्हा बोलू, तेव्हा कदाचित त्या स्वतःच लिहून देतील, असं म्हणाल्या. आणि थायरॉईडनं सगळे ८१ किलो झाले असं समजू नका हेही म्हणाल्या, ते जरा लागलं पण बरोबर आहे.

आता सकाळी सहा ते सात मी घरात कोणाशी बोलत नाही. मुलींना माहीत झालं आहे.

गणिताच्या बाई, तुमच्यामुळे फोडणीची पळी मोजली. आमची पळी म्हणजे तीन मोठे चमचे, आणि मी भाजीला एक, वरणाला अर्धी असं डोळे झाकून टाकत होते. कॅनवर मिस्टरांनी मार्करनं तारखेच्या रेघा ओढून ठेवल्या. आज १९ तारीख आहे आणि तेल अर्ध्याच्या वर आहे. वजन ७९.८. सासूबाई दुपारी खालून वाटी घेऊन आल्या, भाजी चाखली, म्हणे सून माहेरी गेली आहे का, भाजीला चवच नाही.

इतवारी_केमिस्ट

चहासोबत थायरॉईडची गोळी, हे माझ्या काउंटरवर दहात चार जण सांगतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि घाईत आम्ही विचारत नाही, ते आमचं चुकते. उद्यापासून विचारतो.

सावजी_बळी

ताई ते पाकीट पडून आहे का मंग? केमिस्टनं परत घेतलं का?

गोळाभात_प्रेमी

नाही घेतलं, स्ट्रिप कापलेली होती. ड्रॉवरमध्येच आहे. तुम्हाला हवं असेल तर सांगा.

सावजी_बळी

ना बाप्पा. मी आता काळ्याच पॅन्टी शिवतो पण तरीही ना. सासूबाईले सावजीले घेऊन जा एकदा, त्यायचं तोंड तं सुधरू द्या.